लेकरांसाठी एक तास शांततेचा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाबासाहेब मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत शिकले. घरात दाटी, म्हणून रामजीबाबा त्यांना रात्री २ वाजता अभ्यासाला उठवीत. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथंच केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

आपल्या चुडाव्यातल्या लेकरांना अशी जागा कुठं आहे? घरात टीव्ही, मोबाईल, पाहुणेरावळे. वर आपणच ओरडतो, "वाच की रे!" धाकानं गोडी लागत नाही.

म्हणून आमचं सांगणं, विहार नुसता पौर्णिमेला उघडू नका. रोज सायंकाळी ७ ते ८ सतरंजी अंथरा, चांगला उजेड करा, माठ भरून ठेवा. गोष्टीची पुस्तकं आणा. लेकरानं आवडेल ते वाचावं, कुणी प्रश्न विचारू नये. एखाद्या मोठ्या माणसानंही गुपचूप वाचत बसावं. ज्या माऊलीला अक्षर येत नाही, तिनं नुसतं शेजारी बसावं. तेवढ्यानंही लेकराला धीर येतो.

बाबासाहेबांच्या फोटोला हार आपण घालतोच. त्या फोटोखाली आपली लेकरं वाचत बसू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!