महाविद्यालयीन अर्थशास्त्र आणि आजचा विद्यार्थी



आपल्या शाळांतून बाहेर पडलेली बरीच मुले-मुली पुढे कला शाखेत अर्थशास्त्र हा विषय घेतात आणि सहा महिन्यांत गाईडवर येतात. मागणीचा वक्र खाली का उतरतो याची कारणे त्यांना तोंडपाठ असतात. परीक्षा संपली की तीही संपतात. दोष मोबाइलला दिला जातो. मला तो अभ्यासक्रमाचा वाटतो.

ही तक्रार केवळ आपली नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, नोव्हेंबर २०११ मध्ये, हार्वर्डचे काही विद्यार्थी प्राध्यापक मॅन्किव यांच्या वर्गातून निषेध म्हणून उठून गेले. पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम बदलावा म्हणून संघटना काढली. अनेक देशांतील प्राध्यापकांनी मिळून 'कोअर' प्रकल्पात नवे पाठ्यपुस्तक लिहिले. २०१७ पासून ते कोणालाही विनामूल्य वाचता येते. त्याची सुरुवात वक्रांनी नव्हे, तर विषमता आणि औद्योगिक क्रांती यांनी होते. पण आपल्या मुलांच्या घरातले उदाहरण त्यात कुठून असणार? ते आपल्यालाच घालावे लागेल.

कोकणातल्या ज्या घरी आखातातून पैसे येतात, तिथे दिरहमचा भाव म्हाताऱ्या आजीलाही ठाऊक असतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणून डॉलर वधारला की दिरहमही वधारतो. २०१० साली एका दिरहमचे साधारण साडेबारा रुपये येत, २०२३ साली साडेबावीस. म्हणजे तेच हजार दिरहम पाठवले, तर घरी दहा हजार रुपये जास्त. सारे खूश! पण त्याच तेरा वर्षांत आपल्याकडची महागाई दुपटीच्या वर गेली. मग घर सुधारले की खाली आले? हा हिशेब ज्याने एकदा स्वतः मांडला, त्याला पैशातले उत्पन्न आणि खरे उत्पन्न यांतला फरक पुन्हा शिकवावा लागत नाही.

यानंतर त्याच्या हाती डॉ. आंबेडकरांचा १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ द्यावा. परकी चलनातल्या दरापेक्षा रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्यांचा मुद्दा त्याला चटकन उमगेल. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दून यांचे नाव घेऊन आपण व्यासपीठावर टाळ्या मिळवतो. त्यांनी श्रमविभागणीविषयी नेमके काय लिहिले, हे मात्र वर्गात कोणी वाचत नाही.

प्राध्यापकांना सिद्धान्त गाळावा असे मी म्हणत नाही. वक्र शिकवावाच, फक्त तो हिशेबानंतर यावा.

आणि पालकहो, यासाठी मुलांनी घरखर्चाची वही मागितली तर द्या. पगार किती, कर्ज किती, कोणता दागिना गहाण आहे, हे आपण मुलांपासून लपवतो. मुलींपासून तर हटकून. बाप-भाऊ आखातात असले म्हणजे त्या घरचा सारा खर्च बायकाच चालवतात.