विजेची मोटार आणि करडीचे अंगण

(भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी येथे ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



धानाचे चुकारे हाती आले की ज्या घरात चारचाकीचा विषय निघतो, त्या घरात अलीकडे एक नवा वाद रंगतो. गाडी पेट्रोलची घ्यावी की विजेची? शिकलेला मुलगा विजेच्या बाजूने बोलतो. भ्रमणध्वनीवर पाहिलेली माहिती सांगतो, बचतीचे आकडे मांडतो. वडील सारे शांतपणे ऐकून घेतात आणि एवढेच विचारतात, ‘‘बंद पडली तर दुरुस्त कोण करणार?’’ चर्चा बहुधा तेथेच थांबते. शहरातील बाजारतज्ज्ञ अशा वडिलांना ‘बदलाला बिचकणारा ग्रामीण ग्राहक’ म्हणतात. हे वर्णन उथळ आहे आणि अन्यायाचेही. विजेच्या मोटारीचा आजवरचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरलेला आहे, आणि आज उत्पादकांमध्ये जी चुरस लागली आहे तीही त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

विजेची मोटार ही काही काल-परवाची वस्तू नव्हे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील शहरांत ती प्रतिष्ठेची मानली जाई. पेट्रोलची गाडी हाताने दांडा फिरवून सुरू करावी लागे, त्यात मनगट मोडण्याची भीती असे. १९१२ मध्ये पेट्रोलच्या गाडीला बटणाने सुरू होणारी यंत्रणा मिळाली, फोर्डच्या कारखान्याने किमती खाली आणल्या आणि विजेची मोटार मागे पडली. आणखी एक कारण होते. पेट्रोलचा डबा खेड्यातील दुकानात मिळे, वीज मात्र खेड्यात पोहोचलेलीच नव्हती. आज करडीत घरोघरी वीज आहे, पण शंभर वर्षांपूर्वीची ती अडचण वेगळ्या रूपाने शिल्लक आहे.

आपल्या देशात हा प्रयोग चिकाटीने केला तो बंगळूरच्या चेतन मैनी यांनी. त्यांची ‘रेवा’ २००१ मध्ये रस्त्यावर आली. दोन दारांची, चिमुकली, एका भारणात जेमतेम ऐंशी किलोमीटर जाणारी. लंडनमध्ये तिचे कौतुक झाले. भारतात ती फार थोड्यांनी घेतली. २०१० मध्ये महिंद्रने त्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २०१३ मध्ये ‘ई२ओ’ बाजारात आणली. तिलाही ग्राहक मिळेना. मोटार ही भारतीय मध्यमवर्गीयाची घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते. त्यात आई-वडील बसले पाहिजेत, लग्नाचे सामान मावले पाहिजे, प्रसंगी रुग्णालय गाठता आले पाहिजे. खेळण्यासारख्या दिसणाऱ्या गाडीवर तो सहा लाख रुपये घालणार नाही, हे उत्पादकांना उमगायला पुरती दोन दशके लागली.

विदर्भाला या कथेचा एक अध्याय जवळून पाहायला मिळाला. २६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेवर चालणाऱ्या दोनशे वाहनांचा प्रकल्प सुरू झाला. ओला ही टॅक्सीसेवा, महिंद्रच्या मोटारी, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांचा पुढाकार. देशातील असा पहिलाच मोठा प्रयत्न म्हणून त्याची वाखाणणी झाली. वर्ष उलटण्यापूर्वी चालकांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. भारणकेंद्रे मोजकी, तेथे तासन्‌तास रांगा, आणि रांगेत गेलेला वेळ म्हणजे बुडालेले भाडे. कित्येकांनी गाड्या परत केल्या व पुन्हा डिझेलची वाट धरली. त्या चालकांना पर्यावरणाचे वावडे नव्हते. संध्याकाळी घरी किती रुपये न्यायचे, हा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकत होता.

त्याच सुमारास, कोणताही समारंभ न होता, नागपूर, भंडारा, गोंदिया या गावांच्या रस्त्यांवर बॅटरीच्या रिक्षा पसरल्या. दिसायला ओबडधोबड, वेग बेताचा, शिसे-आम्लाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या. तरी त्या टिकल्या, कारण त्यांची दुरुस्ती कोपऱ्यावरचा कारागीर करतो, बॅटरी दुकानात मिळते, आणि रात्री घरच्या सॉकेटवर ती भारून होते. जाहिरातीवर मोठा खर्च न करता विजेच्या वाहनाने ग्राहकाचा विश्वास मिळविला तो असा. वातानुकूलित दालनांत बसून ‘ग्राहक मानसिकते’चा अभ्यास करणाऱ्यांनी एकदा भंडाऱ्याच्या बसस्थानकासमोर तासभर उभे राहावे.

मोटारींच्या बाजारात खरे वळण आले जानेवारी २०२० मध्ये. टाटांनी ‘नेक्सन’चा विद्युत अवतार १३ लाख ९९ हजारांपासून विक्रीला आणला. पुणे जिल्ह्यातील रांजणगावची ही गाडी रस्त्यावर आधीपासून परिचित होती. तिचे केवळ हृदय बदलले होते. चार-पाच माणसे बसतात, घाट चढतो, आणि बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘टियागो’ साडेआठ लाखांच्या आत आली. एके काळी देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा विजेच्या मोटारींपैकी सात टाटांच्या असत. अशी मक्तेदारी ग्राहकाच्या फायद्याची क्वचितच असते, मग उत्पादक स्वदेशी असला तरी.

ती मोडली २०२४ मध्ये. सप्टेंबरमध्ये जेएसडब्ल्यू-एमजीने ‘विंडसर’ ९ लाख ९९ हजारांत देऊ केली. मात्र बॅटरी वेगळी, भाड्याची, किलोमीटरला साडेतीन रुपये. नोव्हेंबरमध्ये महिंद्रने चाकणच्या कारखान्यातील दोन मोठ्या गाड्या पुढे आणल्या आणि बॅटरीला पहिल्या मालकापुरती आजीवन हमी जाहीर केली. विंडसरला तशी हमी आधीच मिळाली होती. २०२५ च्या जूनमध्ये टाटांनी ‘हॅरियर’च्या विद्युत अवताराला तीच हमी दिली, पुढे ‘नेक्सन’ व ‘कर्व्ह’च्या मोठ्या बॅटरीच्या गाड्यांनाही लागू केली. जुलैमध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले, साठ लाखांच्या घरातल्या गाडीसह. त्याची छायाचित्रे खूप छापून आली, ग्राहक थोडे आले. ऑगस्टमध्ये मारुतीच्या गुजरातमधील कारखान्यात ‘ई-विटारा’चे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी टाटांचा वाटा निम्म्याखाली घसरला. त्यांच्या गाड्या वाईट झाल्या म्हणून नव्हे, निवडीला पर्याय आले म्हणून. तरीही २०२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर नव्या मोटारींत विजेच्या चार-पाचच होत्या, हे विसरून चालणार नाही.

आता जरा हिशेब मांडू, कारण घरातील वाद आकड्यांवरच मिटतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी मध्यम आकाराची विजेची मोटार साधारण १७० युनिट वीज घेते. युनिट दहा रुपये धरले तर १,७०० रुपये. तेवढ्याच धावेला पेट्रोलची गाडी साठ-बासष्ट लिटर पिते. म्हणजे साडेसहा हजार. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक वाचतात. किमतीतील फरक तीन लाखांचा असेल तर तो सहा वर्षांत भरून निघतो. पण हीच गाडी महिन्यातून तीनशेच किलोमीटर चालत असेल, लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला, तर तोच फरक भरून निघायला सतरा-अठरा वर्षे लागतील. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो २०१९ पासून ५ टक्केच आहे. म्हणजे फरक आणखी वाढला. ज्याला रोज पन्नास-साठ किलोमीटर जाऊन यायचे आहे त्या शिक्षकाला, व्यापाऱ्याला, शाळेची मुले नेणाऱ्याला विजेची मोटार परवडते. जिची मोटार अंगणातच अधिक उभी असते, त्या कुटुंबाने भिडेखातर ती घेऊ नये. विक्रेता हे सांगणार नाही.

अंगणाचा उल्लेख आला, तर त्याचेही माहात्म्य सांगितले पाहिजे. मुंबई-पुण्यातील सदनिकाधारकाला आपल्या जागेवर भारणयंत्र बसवायचे तर गृहनिर्माण संस्थेचे उंबरठे झिजवावे लागतात. तार कोठून न्यायची, मीटर कोणाचा, यावर सर्वसाधारण सभेत भांडणे होतात. करडीच्या घराला स्वतःचे अंगण आहे, स्वतःचा मीटर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या छताला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते. ज्या ग्राहकाला उत्पादकांनी आजवर मोजले नाही, त्याच्याकडे विजेच्या मोटारीसाठी लागणारी मूळ सोय शहरी ग्राहकापेक्षा अधिक आहे. उणीव आहे ती दुसरीकडे. कृषिपंप चालू झाले की दाब घसरतो, घराची भूतार नीट नसते, म्हणून चांगल्या तारतंत्र्याकडून स्वतंत्र जोडणी करून घेतल्याविना रात्रभर भारण लावणे धोक्याचे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात विजेच्या स्कूटरने पेट घेतल्याचे चित्र घरोघरी पोहोचले, त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले. भीती पुरती गेली नाही, आणि सावधपणा म्हणून ती थोडी उरलेली बरी.

स्पर्धेच्या या गलबल्यात एक गोष्ट झाकली जाते. नावे निरनिराळी असली तरी बहुतेक गाड्यांच्या बॅटरीतील सेल चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्यातबंधने घातली आणि पुण्याच्या बजाज ऑटोला ‘चेतक’चे उत्पादन घटवावे लागले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये केंद्राने अशी चुंबके देशातच बनविण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. साणंद येथे सेलच्या कारखान्यासाठी टाटा समूहाने २०२३ मध्येच गुजरात सरकारशी करार केला होता. करडीच्या शेजारच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलची मँगनीजची खाण आहे. तेथेच बॅटरीसाठी लागणारे मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा कारखाना वर्षानुवर्षे आहे. तो माल साध्या कोरड्या घटांसाठी जातो. मोटारीच्या बॅटरीला लागणारी शुद्धता त्याहून वरची, पण खनिज आपल्या जिल्ह्यातले, तंत्र आणि सेल मात्र बाहेरचे, ही स्थिती विचार करायला लावणारी आहे. दुसऱ्या बाजूला लाखनी तालुक्यातील गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात. विजेच्या मोटारीला बदलत्या गिअरची गरज नसते. अवजड ट्रक लवकर बदलणार नाहीत हे खरे. तरीही ज्यांची मुले आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणार आहेत, त्यांनी ‘डिझेल मेकॅनिक’च्या जोडीला विद्युत वाहनांचाही दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, याची चौकशी करावी. शेकडो व्होल्टची ही बॅटरी पाना-पेचकस घेऊन अंदाजाने उघडण्याची वस्तू नाही.

शेवटी जुन्या गाड्यांविषयी, कारण गावाकडचा बाजार पुष्कळसा जुन्या गाड्यांचाच. आजीवन हमी पहिल्या मालकाची असते. दुसऱ्याच्या हाती गाडी गेली की ती ठराविक वर्षे व किलोमीटरपुरती उरते. गाडीच्या किमतीत बॅटरीचाच वाटा एक तृतीयांशाहून अधिक, तेव्हा नागपूरहून तीन-चार वर्षांची विजेची मोटार घेताना तिचे बाह्यरूप पाहून उपयोग नाही. अधिकृत सेवाकेंद्रातून बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी दाखला मागावा. बॅटरी भाड्याची असेल तर करार कोणाच्या नावे आहे व महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावे लागतात, ते वाचून घ्यावे. कंपनीने सांगितलेल्या पल्ल्यातून तिसरा भाग वजा धरावा. आणि चाचणी फेरी मागायचीच तर मे महिन्यातल्या दुपारची मागावी: चार माणसे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून करडीहून नागपूरला जाऊन यावे, दोनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा हा प्रवास आहे, आणि परत अंगणात शिरताना पडद्यावर किती टक्के उरले ते वहीत लिहून ठेवावे.