सिग्नलचा दिवा आणि आपले पाऊल

(पालक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



उजनीच्या काठच्या आपल्या गावांत सिग्नलचे दिवे नाहीत, मग या विषयाचे येथे काय काम, असे आपणास वाटेल. काम असे, की आपली मुले शिकावयास सोलापूर-पुण्याला जातात, आणि तेथील चौकात प्रथम उभी राहतात त्या क्षणी नियम शिकण्याइतकी सवड त्यांना मिळत नाही. मी स्वतः पहिल्यांदा स्वारगेटला एस. टी.तून उतरलो, समोर हिरवा दिवा पाहिला आणि बेधडक रस्त्यात पाऊल टाकले. तो दिवा गाड्यांसाठी होता! एका अनोळखी बाईंनी दंड धरून मागे ओढले, म्हणून आज आपणापुढे उभा आहे.

तेव्हा दिवा कोणासाठी आहे, हे आधी पाहावे. पायी जाणाऱ्याच्या दिव्यात माणसाची आकृती असते. लाल माणूस उभा असेल तर थांबावे. हिरवा चालता दिसेल तर झेब्रा पट्ट्यांवरून जावे. तो लुकलुकू लागला की नव्याने उतरू नये. जो मध्यावर पोचला असेल त्याने पलीकडे जावे. आकृतीचा दिवाच नसेल तेथे आडव्या येणाऱ्या गाड्यांना लाल मिळाला का, आणि त्या खरोखर थांबल्या का, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. वळून येणाऱ्या गाडीकडे तर हिरव्यातही लक्ष हवे.

आता गाडी चालविणाऱ्यांविषयी. लालला थांबावे, हिरव्याला जावे, हे शेंबडे पोरही सांगेल. घोटाळा आहे तो पिवळ्याचा. आपल्याकडे पिवळा म्हणजे ‘काढ लवकर’ असा अर्थ रूढ झाला आहे. वास्तविक पिवळा म्हणजे थांबण्याचीच सूचना होय. पांढरी रेघ ओलांडली असेल, किंवा इतके जवळ आलो असू की एकदम ब्रेक दाबणे धोक्याचे, तरच पुढे जावे. दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबत नाही. म्हणून त्याने चौक दिसताच वेग कमी केला पाहिजे, दिवा बदलण्याची वाट पाहू नये. जेऊर किंवा कुर्डुवाडीला रेल्वेचा चालक पिवळा पाहून गाडी हळू करतो, पळवीत नाही. रस्त्यावरचा दिवाही मुळात रेल्वेकडूनच आला. १८६८ साली लंडनच्या पार्लमेंटजवळ जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनियरने गॅसचा सिग्नल उभारला. पुढच्याच वर्षी त्याचा स्फोट झाला, ते असो.

लाल असताना डावीकडे वळण्यास मुभा असते, हा दुसरा गैरसमज. तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच वळावे, आणि तेव्हाही पायी माणसाला आधी जाऊ द्यावे. लाल दिवा नुसता लुकलुकत असेल तर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा पाहून निघावे. पिवळा लुकलुकत असेल तर सावकाश जावे. मागचा हॉर्न वाजवितो म्हणून लाल दिव्यात पुढे सरकू नये. दंड त्याला होत नाही, आपल्याला होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणे हे धोकादायक वाहन चालविण्यात मोडते, आणि पहिल्याच गुन्ह्यास एक ते पाच हजारांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या पालकास तर पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे वाक्य मी मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे पाहून बोलत आहे.

१९८० साली धरण पुरे झाले, पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर वाहने आली. भीमानगर, टेंभुर्णीकडून जाणाऱ्या पुणे-सोलापूर चौपदरी रस्त्यावर जेथे दिवा नाही, तेथे दिव्याचे काम आपल्यालाच करावे लागते. अर्धा रस्ता उजवीकडे पाहून ओलांडावा, दुभाजकापाशी थांबावे, मग डावीकडे पाहावे. पण पुढचा फाटा टाळण्यासाठी उलट्या बाजूने मोटारसायकल हाकणारे आपल्यातच आहेत. म्हणून दोन्ही वेळा दोन्हीकडे पाहावे.

शिक्षकांना एक विनंती. येत्या शनिवारी शाळेच्या मैदानावर फक्कीने चौक आखा, तीन मुलांच्या हाती तीन रंगांचे कागद द्या, आणि बाकीच्यांना सायकली घेऊन त्यातून जाऊ द्या. पिवळा कागद सर्वांत खोडकर मुलाकडे असावा.