पळून जाण्याची पूर्वतयारी आणि कार्यकर्त्यांचे कर्तव्य



एखादे जोडपे पळून गेल्याची बातमी आली की दोन अविचारी मुलांनी भावनेच्या भरात घर सोडले, असेच समाज गृहीत धरतो. वस्तुस्थिती बहुधा निराळी असते. ज्या सज्ञान मुलामुलींना जातीबाहेर वा धर्माबाहेर लग्न करावयाचे आहे आणि घरच्यांचा विरोध ठाऊक आहे, त्यांना कित्येक महिने पैशाचा, कागदपत्रांचा आणि कायद्यातील मुदतींचा हिशेब करीत बसावे लागते. हा हिशेब एवढा अवघड का झाला आणि तो सोपा करणे कोणाचे काम आहे, हा आजचा विषय आहे.

प्रथम कायदा पाहू. धर्म न बदलता, भटजी वा काझी यांच्यावाचून लग्न करावयाचे, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा हा मार्ग आहे. मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे. दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य हवे. मग विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावयाची, ती कचेरीत ठळक जागी लावली जाते आणि ३० दिवस आक्षेपांची वाट पाहिली जाते. आक्षेप आला तर चौकशीसाठी अधिकाऱ्याला आणखी ३० दिवस मिळतात. शेवटी तीन साक्षीदारांच्या सह्या. जोडपे परजिल्ह्यात गेले, तर नोटिशीची प्रत त्यांच्या कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातही पाठवून तेथे लावली जाते. म्हणजे ज्या गावातून जीव मुठीत धरून निघावयाचे, त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी सरकार त्यांचा पत्ता जाहीर करते.

आता याचा पैशातील अर्थ पाहा. परजिल्ह्यात जाणाऱ्यांना वास्तव्याचे ३० आणि नोटिशीचे ३० असे किमान दोन महिने काढावे लागतात. खोलीची अनामत रक्कम, दोन महिन्यांचे भाडे आणि खाणावळ हा खर्च दिसतो. न दिसणारा खर्च त्याहून मोठा असतो. नातेवाईक कारखान्याच्या दारात वा कचेरीच्या पायऱ्यांवर उभे असतात, म्हणून कामावर जाता येत नाही आणि ऐन गरजेच्या वेळी पगार बुडतो. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला वडिलांच्या कपाटात असतो. तिच्या कमाईचे बँक खातेही पुष्कळदा वडिलांच्या ताब्यात असते. राज्य शासन ठरावीक आंतरजातीय जोडप्यांना ५० हजार रुपये देते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ते लग्न नोंदल्यावर मिळतात. खरी नड लग्नापूर्वीच्या साठ दिवसांची असते.

याचा परिणाम काय होतो? दोघेही हिंदू असतील, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पूर्वनोटिशीची अट नाही. म्हणून पुरोगामी विचारांची मुलेदेखील भटजी शोधतात. भिन्नधर्मीय जोडप्यापुढे धर्मांतराचा प्रश्न उभा राहतो. निधर्मी लग्नासाठी केलेला कायदाच माणसाला पुन्हा धर्माच्या दारात नेऊन सोडतो.

नोटिशीमुळे मुलींची फसवणूक टळते, असा युक्तिवाद केला जातो. पहिले लग्न लपवून दुसरे करणारे भामटे आहेतच. पण असा भामटा धार्मिक विधीने लग्न करतो, तेव्हा त्याला ३० दिवस कोणी थांबवीत नाही. फसवणूक रोखावयाची तर प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची तपासणी आणि कडक शिक्षा हे उपाय सर्व विवाहांना सारखेच लागू करता येतील. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, नोटीस प्रसिद्ध करावयाची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर असावे, असा निर्णय दिला, तो याच दिशेचा आहे. संसदेने त्यासाठी कायदाच दुरुस्त केला पाहिजे.

विरोधाचे मूळ केवळ भावनेत शोधणाऱ्यांनी जमिनीचा सातबाराही उघडून पाहावा. जातीत लग्न लावल्याने जमीन, हुंडा आणि सोयरिकीचे राजकारण एकाच वर्तुळात फिरते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. तेव्हापासून तिने निवडलेला नवरा हा घराण्याच्या दृष्टीने केवळ जावई राहिला नाही, वाटेकऱ्याचा नवरा झाला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरचा खरा उपाय म्हणून सांगितला होता. तरीही २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत असे विवाह शेकडा पाचच्या आसपास आढळले.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? १८६८ च्या ऑगस्टमध्ये नायगावहून सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात गणेश हा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांची हकीकत आहे. गाव दोघांच्या जिवावर उठला असता सावित्रीबाई धावून गेल्या, कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावाला आवरले आणि दोघांना पुण्यास जोतिरावांकडे धाडले. शारजेला उपदेशाची गरज नव्हती. तिला वाट आणि वाटेच्या शेवटी एक घर हवे होते.

आजही तेच हवे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले की, आईबापांना पसंत नसेल तर त्यांनी संबंध तोडावेत. सज्ञान मुलांना धमकावण्याचा वा मारण्याचा अधिकार त्यांना नाही. मार्च २०१८ च्या निकालात जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभारावेत आणि सुरक्षित निवाऱ्यांचा विचार करावा, असे सांगितले. आपल्या जिल्ह्यात हा कक्ष कोठे आहे, त्याचा दूरध्वनी कोण उचलतो, हे प्रत्येक शाखेने जाऊन पाहावे आणि नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे धरणे धरावे. दोन महिने राहता येईल अशी एक खोली, पुढे हात आखडता न घेणारे तीन साक्षीदार आणि एक वकील एवढी तरतूद कोणत्याही तालुक्याला परवडते. वयाचा दाखला आधी पाहावा. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर लग्नास साहाय्य करू नये, शिक्षण पुरे करण्यास करावे. घरचे दागिने बरोबर आणू देऊ नयेत, कारण चोरीची फिर्याद त्यावरच उभी राहते. स्वेच्छेने घर सोडल्याचे पत्र मुलीच्या सहीने पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. आणि तिच्या नावाचे, तिच्या एकटीच्या सहीचे बँक खाते लग्नाआधी उघडून द्यावे. उद्या ज्याच्याबरोबर ती आली त्याच्याविरुद्ध उभे राहण्याची वेळ आलीच, तर तेही तिच्याच उपयोगी पडेल.