गेट पडलंय

आजचा भाग रेल्वे गेटवर आहे. गेल्या महिन्यात दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं होतं की, आमच्या गावचं गेट बंद करून तिथं भुयारी मार्ग काढायचं चाललंय, ते चांगलं की वाईट? एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हा भाग. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी बोललेलं जवळपास तसंच इथं उतरवलंय.

आपल्याकडं 'गेट बंद आहे' असं फारसं कुणी म्हणत नाही. 'गेट पडलंय' म्हणतात. आणि गेट पडलंय म्हटलं की पुढचं सगळं डोळ्यासमोर येतं. उसाची दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टर, मागं एसटी, एसटीच्या मागं दुधाचा टेम्पो, आणि या सगळ्यांच्या कडेकडेनं पुढं घुसून दांड्याला नाक लावून उभ्या राहिलेल्या वीस-पंचवीस मोटरसायकली. पलीकडच्या बाजूलाही तेवढ्याच, आणि त्याही पूर्ण रस्ता अडवून. म्हणजे गेट उघडलं तरी पहिली पाच मिनिटं कुणीच हलत नाही.

त्या मोटरसायकलवाल्यांत मीही असायचो. खोटं कशाला बोलू? कॉलेजात होतो तेव्हा मोहोळच्या अलीकडं एका गेटखालून गाडी आडवी करून मी कितीतरी वेळा काढलीय. तेव्हा तिथं एकच रूळ होता. गाडी गेली की गेली, मग बिनघोर. पुढं लाइन डबल झाली आणि माझी जुनी सवय तशीच राहिली. एके दिवशी सोलापूरकडं जाणारी मालगाडी समोरून निघून गेली, शेवटचा डबा पुढं सरकला तसा मी दांड्याखालून वाकलो. गेटवरचे काका एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातून हँडल सुटलं. दुसऱ्या रुळावरून पुण्याकडं जाणारी एक्सप्रेस आली. मालगाडीच्या आवाजात तिचा आवाज मला ऐकूच आला नव्हता. काका नंतर माझ्याशी बोलले नाहीत. शिवीसुद्धा दिली नाही. हिरवा झेंडा गुंडाळत खोलीत गेले. ते न बोलणं मला अजून आठवतं.

हे सांगायचं कारण असं की, डबल लाइनवर माणसं पहिल्या गाडीपेक्षा दुसऱ्या गाडीखाली जास्त सापडतात. पहिली गाडी सगळ्यांना दिसलेली असते. आणि वेगाचा अंदाज डोळ्याला येत नाही. ताशी 110 किलोमीटर म्हणजे सेकंदाला तीस मीटर. तुम्ही गाडी दांड्याखालून काढून, सरळ करून, रूळ ओलांडून पलीकडं जाईपर्यंत दहा-बारा सेकंद जातात. तेवढ्यात ती तीनशे-साडेतीनशे मीटर आलेली असते. लोको पायलटनं इमर्जन्सी ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. त्याच्या हातात हॉर्न सोडला तर काहीच नसतं. गेटच्या सहाशे मीटर आधी रुळाकडेला पिवळी पाटी असते, 'सी/फा' लिहिलेली. सीटी, फाटक. त्या पाटीपासून तो हॉर्न वाजवत येतो. रात्री झोप मोडते म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो तोच तो.

आता सरकार काय करतंय ते बघू.

आपल्या भागातून रेल्वे 1860 साली सोलापुरात पोचली. त्यावेळी बैलगाड्यांचे रस्ते आणि रूळ एकमेकांना जिथं छेदले तिथं फाटक आलं, काही ठिकाणी तेही नाही. नुसता रस्ता आणि रूळ. बिनमाणसाचं क्रॉसिंग. कायदा त्यावर एक उपाय सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 131 बघा: अशा क्रॉसिंगला ड्रायव्हरनं गाडी थांबवायची, क्लीनरला खाली उतरवून दोन्ही बाजू बघायला लावायच्या, आणि त्यानं चालत पुढं होऊन गाडी पार करून द्यायची. सोबत कुणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं. हे करताना तुम्ही कुणाला पाहिलंय? मी तरी नाही.

परिणाम आपल्या राज्यानंच भोगलेत. फेब्रुवारी 2005 मध्ये नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली बिनमाणसाच्या क्रॉसिंगवर रेल्वेखाली सापडली. पन्नासहून जास्त माणसं गेली. एका गावचं लग्न होतं ते. जुलै 2014 मध्ये नांदेडहून सिकंदराबादला निघालेल्या पॅसेंजरनं तेलंगणात मेदक जिल्ह्यात शाळेच्या बसला धडक दिली. एप्रिल 2018 मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली 13 मुलं गेली. त्यानंतर मात्र रेल्वेनं कामाला वेग दिला आणि 31 जानेवारी 2019 पर्यंत ब्रॉडगेजवरचं प्रत्येक बिनमाणसाचं क्रॉसिंग संपवलं. कुठं माणूस नेमला, कुठं भुयारी मार्ग केला, कुठं शेजारच्या गेटला रस्ता जोडून दिला. सरकारी कामाला आपण उठसूट शिव्या देतो. हे काम झालं, हे म्हणायला पाहिजे.

पण माणूस असलेली गेटं उरली. देशात सुमारे सतरा हजार. त्यातली बरीचशी इंटरलॉक आहेत. इंटरलॉक म्हणजे काय, तर दांडा पूर्ण खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. गेटमन विसरला, झोपला, घाबरला, तरी गाडी अलीकडं थांबते. इंटरलॉक नसलेल्या गेटवर सगळा कारभार फोनवर. स्टेशन मास्तर फोन करणार, गेटमन गेट बंद केल्याचं सांगणार, दोघं आपापल्या वहीतला खासगी आकडा एकमेकांना देणार, मग गाडी सुटणार. मधली एकच गोष्ट खरी असावी लागते: गेट खरोखर बंद असणं. 8 जुलै 2025 ला तामिळनाडूत कडलूरजवळ ती एक गोष्ट खरी नव्हती. गेट उघडं, समोरून शाळेची व्हॅन, आणि तीन मुलं गेली.

त्यानंतर रेल्वेमंत्र्यांनी आदेश काढले. सगळ्या गेटवर सीसीटीव्ही, गेटमन आणि स्टेशन मास्तर यांच्यातल्या संभाषणाचं रेकॉर्डिंग अधूनमधून तपासायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची मर्यादा वीस हजारांवरून दहा हजारांवर आणायची.

हे टीव्हीयू समजून घ्या, कारण तुमच्या गावच्या गेटचं काय होणार हे याच आकड्यावर ठरतं. ट्रेन व्हेइकल युनिट. चोवीस तासांत किती गाड्या रुळावरून गेल्या आणि किती वाहनं रस्त्यावरून गेली, त्यांचा गुणाकार. उदाहरण म्हणून, साठ रेल्वेगाड्या आणि दीडशे वाहनं असतील तर नऊ हजार. म्हणजे दहा हजारांच्या आत. आणखी वीस वाहनं वाढली की दहा हजार दोनशे, आणि नियम बदलला. बैलगाडी एक युनिट, रिक्षा अर्धं. एक लाखाच्या पुढं गेलं तर पूल, त्याचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा करायचा, ही जुनी चाल.

आता मी ज्यासाठी हा भाग केला तो मुद्दा. या गुणाकारात पायी माणूस कुठंय? नाहीच. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन पलीकडच्या रानातनं येणारी बाई शून्य. शाळेला चालत जाणारी चाळीस पोरं शून्य. मेंढरं शून्य. वारीच्या दिवसांत पंढरपूरकडं निघालेल्या दिंड्या, शून्य.

दुसरं असं, ही मोजणी आठवडाभर चालते. आठवडा कुठला, हे आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचं आहे. जूनमध्ये मोजलं तर रस्ता मोकळा. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की त्याच रस्त्यावर रात्रंदिवस उसाच्या गाड्या. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, आणि मोजणी पावसाळ्यात झाली तर कागदावर तुमचं गेट ओस पडलेलं दिसणार. ग्रामसभेत रेल्वेचा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न हा विचारा: मोजणी कुठल्या महिन्यात केली?

गेट बंद झालं की पर्याय म्हणून बहुतेक वेळा येतो भुयारी मार्ग. तो बांधायची पद्धत बघण्यासारखी असते. काही तासांचा ब्लॉक घेतात, रूळ कापून बाजूला करतात, खालची माती उपसतात, तयार काँक्रीटच्या चौकटी क्रेननं आत बसवतात, वर भराव टाकून रूळ परत जोडतात. सकाळी गेट होतं, संध्याकाळी बोगदा. मी हे तासन्‌तास उभं राहून बघितलंय, आणि खरंच कौतुक वाटलं.

जून-जुलै आला की कौतुक ओसरतं. रस्ता खणून नाल्याच्या तळाखाली नेलेला असतो. पाणी वर चढून तर जाणार नाही. त्याला बाहेर काढायला उतार मिळाला तर ठीक, नाहीतर खड्डा करून पंप बसवायचा, पंपाला वीज लागणार, आणि पाऊस लागला की आधी काय जातं ते तुम्हाला माहीतच आहे. आपली काळी माती पाणी सोडता सोडत नाही, पाऊस उघडल्यावरही भिंतीतून झिरपत राहतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याच्या हायवेवर पाणी आलं. जिथं हायवे टिकला नाही तिथं गावच्या बोगद्याची काय कथा?

मग पायी माणूस काय करतो? कमरेएवढ्या पाण्यातनं तो जाणार नाही. तो वर चढतो, जिथं पूर्वी गेट होतं तिथंच, आणि रूळ ओलांडतो. फरक एवढाच की आता तिथं दांडा नाही, झेंडा नाही, आणि ओरडणारे काकाही नाहीत. आणि तिथं काही झालं तर त्याची नोंद गेटवरचा अपघात म्हणून होत नाही. ती होते 'ट्रेसपासिंग' म्हणून. म्हणजे चूक मेलेल्याची.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं फेब्रुवारी 2012 मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. आपल्याच माणसानं लिहिलेला, आणि अजून वाचण्यासारखा. रुळांवर बेकायदा ओलांडताना दरवर्षी सुमारे 15 हजार माणसं मरतात, त्यातली सहा हजार एकट्या मुंबई लोकलच्या पट्ट्यात, असा अंदाज त्यात आहे, आणि त्याला समितीनं सरळ हत्याकांड म्हटलं. सगळी गेटं, माणूस असलेली आणि नसलेली, पाच वर्षांत काढून टाका, त्याला सुमारे 50 हजार कोटी लागतील, असंही सांगितलं. पाच वर्षं 2017 मध्येच संपली. त्याच वर्षी एक लाख कोटींचा रेल्वे सुरक्षा कोष जाहीर झाला, आणि राज्य सरकार व रेल्वे यांनी मिळून काढलेली महारेल कंपनी आता राज्यभर पूल बांधतेय. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे 84 किलोमीटरचा नवा मार्ग होतोय, आणि नव्या मार्गांवर रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर आणायचेच नाहीत असं धोरण आहे. ते बरोबरच आहे. मी गेट ठेवा म्हणणाऱ्यांतला नाही. गेट हे शेवटी एका माणसाच्या जागेपणावर टांगलेलं असतं, कित्येक ठिकाणी बारा-बारा तासांच्या ड्युटीवर.

निवृत्त झालेल्या एका गेटमनना मी या भागासाठी भेटलो. म्हणाले, गाडीची कधी भीती वाटली नाही, ट्रॉली रुळात अडकायची भीती वाटायची. ऊस भरलेल्या ट्रॉलीचा अॅक्सल रुळावर तुटला की गेट बंद करता येत नाही. मग फोन करायचा, लाल झेंडा रोवायचा आणि पळायचं. सहाशे मीटरवर एक फटाका, पुढं बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटर सोडून, रुळाला बांधायचे. गाडीचं चाक वरून गेलं की आवाज होतो आणि लोको पायलट थांबतो. बाराशे मीटर, खडीवरनं, रात्रीचं, पन्नाशीतला माणूस. नोकरीत दोनदा पळालो, म्हणाले. आणि त्यावेळी मागं उभे असलेले लोक काय करत होते? हॉर्न वाजवत होते.

तर श्रोत्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. गेट जाऊ द्या, पण सही देण्याआधी भांडून घ्या. गेट कायमचं बंद करायला जिल्हा प्रशासनाची संमती लागते, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकून घ्यायची जागा आहे. मोजणी गळीत हंगामात करा म्हणावं. बोगद्याचं पाणी कुठल्या नाल्यात जाणार ते नकाशावर दाखवा म्हणावं, 'पंप बसवू' एवढ्यावर उठायचं नाही. शीग लावून भरलेली उसाची ट्रॉली आणि हार्वेस्टर त्यातून जाणार का, उंची किती मीटर, हे लेखी घ्या. आणि पायी माणसांसाठी वरून वेगळा पादचारी पूल मागा. आकड्यात बसत नाही म्हणतील. आकड्यात बसवा म्हणावं.

प्रत्येक गेटच्या खोलीवर नंबर रंगवलेला असतो. तुमच्या गावच्या गेटचा नंबर आणि तिथून रोज किती पोरं चालत शाळेला जातात, एवढं दोन ओळींत लिहून पाठवा. नावं नकोत, आकडे पाठवा. मोहोळ, माढा, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जिथून येतील तिथून. पुढच्या महिन्यात ते एकत्र करून वाचून दाखवतो.