कन्हानचा पूल, जलरंगात

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की कामठी मागे टाकून माणूस कन्हान नदीवर येतो. या सभागृहातल्या बहुतेकांनी ती नदी कितीदा तरी ओलांडली असेल. पण पुलावरून जाणाऱ्याला पूल दिसत नाही. दिसतो तो पुढच्या ट्रकचा मागचा भाग. पूल बघायचा तर रस्ता सोडून नदीत उतरावं लागतं. खाली वाळूत उभं राहून मान वर केली की इंग्रजी अमदानीतल्या दगडी कमानी एकामागे एक लहान होत पलीकडच्या काठाला जाताना दिसतात. १८२१ मध्ये कामठीला लष्करी छावणी वसली. हा दगडी पूल आला तो त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

लँडस्केपसाठी बोर्ड घेऊन निघालेली नागपूरची पोरं सहसा फुटाळा नाहीतर अंबाझरी तलाव गाठतात. तिथे सावली असते, चहा असतो. कन्हानला यातलं काही नाही. तरीही जलरंग शिकणाऱ्याला या जिल्ह्यात याहून चांगला मास्तर मिळणं कठीण आहे.

सुरुवात दगडापासूनच करावी. पुण्याच्या चित्रकाराला दगड रंगवायचा म्हटला की त्याचा हात आपसूक काळ्या-राखाडीकडे जातो. बरोबरच आहे, त्याच्या आजूबाजूला सगळा बेसॉल्ट. नागपूरचं तसं नाही. दख्खनचा काळा दगड इथे सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत येतो आणि पूर्वेकडे संपत जातो. कामठीच्या बाजूला वालुकाश्म लागतो, आणि भूगर्भशास्त्रात त्या थरांना कामठीचंच नाव आहे. पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्या परिसरातले हे खडक हिंडून अभ्यासले होते. हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. नागपूरचं रेल्वे स्थानक सावनेरच्या वालुकाश्मातलं, हायकोर्टाची इमारतही वालुकाश्मातलीच. म्हणजे एकाच शहरात दोन दगड, दोन रंग. त्यामुळे घरूनच राखाडी कालवून निघणारा चित्रकार इथे फसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना ही जोडी जवळ असली की पुष्कळ भागतं. निळा वाढवला की सावलीतला दगड, तपकिरी वाढवला की उन्हातला. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरबरीतपणा फुकटात मिळतो. एकेक चिरा काढत बसणाऱ्याला मात्र तो मिळत नाही.

चिऱ्यांचा मोह फार वाईट. पूल म्हटला की नवखा माणूस दगड मोजू लागतो आणि दुपारपर्यंत त्याच्या कागदावर पुलाऐवजी भिंत उभी राहते. पूल ओळखू येतो तो दगडांमधल्या मोकळ्या जागांमुळे. कमानीतून दिसणारं पलीकडचं आभाळ, झाडांची रेघ, वाळूचा पट्टा हे आकार आधी बरोबर बसले, तर त्यांच्यामधला दगड आपोआप उभा राहतो. जलरंगात तर दुसरा इलाजच नाही. तैलरंगात अंधारावर उजेड चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद, आणि तो पहिल्यापासून राखावा लागतो. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड वरून लावलेला नाही, खालून राखलेला आहे.

आता कमानीचं पोट. लांबून ते काळं वाटतं आणि बहुतेक जण काळंच भरतात. प्रत्यक्षात सकाळच्या उन्हात खालच्या वाळूवरून आणि पाण्यावरून परतलेला उजेड त्या पोटावर पडलेला असतो. म्हणून कमानीचा वरचा आतला भाग पिवळसर, ऊबदार दिसतो, आणि सगळ्यात गडद जागा खाली, खांबाच्या आतल्या कडेला सापडते. गडद रंग ओला असतानाच वरच्या बाजूला थोडा पिवळा सोडला की काम होतं. वाळल्यावर केलेली दुरुस्ती मात्र लगेच ओळखू येते.

प्रतिबिंबाचीही अशीच एक गंमत आहे. कमान जशीच्या तशी उलटी काढली की प्रतिबिंब झालं, असा समज असतो. काठावरच्या माणसाला कमानीचं पोट थोडंच दिसतं, पण पाण्यात ते जास्त दिसतं. कारण प्रतिबिंब म्हणजे पाण्याच्या पातळीखालून वर पाहिलेला पूल. एवढा फरक धरला तरी पाणी सपाट पडतं, नाहीतर ते उभं राहतं. पावसाळ्यात पुन्हा वेगळा हिशेब. निवळ पाण्यावर प्रतिबिंब ठळक आणि सावली जवळपास नाहीच. वरून पेंच आणि कोलारचं पाणी घेऊन गढूळ कन्हान फुगली, की प्रतिबिंब पुसट होतं आणि पुलाची खरी सावली पाण्यावर उमटते. म्हणजे ऑगस्टचा आणि डिसेंबरचा पूल एकाच युक्तीने रंगवता येत नाही.

मे महिना हा स्वतंत्र विषय आहे. पारा ४५च्या पुढे गेला की आभाळाचा वॉश कागदाच्या टोकाला पोचायच्या आत मागून वाळत येतो आणि मध्येच रेघ उठते. इंग्लंडात लिहिलेल्या जलरंगाच्या पुस्तकांत वॉश वाळायची वाट बघायला सांगितलेलं असतं. तो सल्ला विदर्भात निरुपयोगी आहे. इथे घाई करावी लागते. जाड, शक्यतो ३०० ग्रॅमचा सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकायचा आणि ऊन चढायच्या आत उठायचं. रंग परदेशीच हवेत असं काही नाही. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या कॅमल नळ्यांवर महाराष्ट्रातल्या चित्रकारांच्या पिढ्या शिकल्या. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवावेत, कागदात नाही.

ऐतिहासिक पूल रंगवायचा म्हणून पुष्कळ जण कागदावरून ट्रक, विजेच्या तारा आणि शेजारचा नवा पूल गाळून टाकतात. पुण्यात ही अडचण कमी आहे. बंडगार्डनचा फिट्झजेराल्ड पूल १८६९चा, टोकांना दगडी सिंह. त्यावरची वाहनं आता बंद झाली आहेत, त्यामुळे चित्रकाराला निवांत बसता येतं. चित्रं मात्र त्यामुळे थोडी शोकेससारखी होतात.

या बाबतीत जॉन सेल कॉटमन या इंग्रज चित्रकाराकडे पाहावं. १८०५च्या सुमारास त्याने तेव्हा यॉर्कशरमध्ये असलेला ग्रेटा नदीवरचा पूल जलरंगात केला. साधारण २३ बाय ३३ सेंटिमीटरचं हे चित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एक रुंद कमान, खाली गोटे, मागे झाडी. बाह्यरेषा जवळजवळ नाहीत. सपाट रंगाचे पॅच एकमेकांना खेटून बसवलेले आणि पुलाची फिकट बाजू जणू कापून ठेवलेली. दोनशे वर्षांनंतर बघणाऱ्याला ते जुन्या पुलाचं शांत चित्र वाटतं. पण तो पूल जॉन कार या वास्तुविशारदाने १७७३च्या सुमारास बांधला होता. कॉटमन तिथे बसला तेव्हा पूल तीसेक वर्षांचा होता, रहदारीच्या रस्त्यावरचा. म्हणजे कॉटमनने काही पुरातन वास्तू रंगवली नव्हती, आपल्या काळातलं बांधकाम रंगवलं होतं.

हे लक्षात ठेवून कन्हानला बसलं की नवा पूल अडचण वाटेनासा होतो. त्याच्या सरळ काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यामुळेच जुन्या कमानींचा गोलवा डोळ्यांत भरतो. काँक्रीट रंगवायला दगडाहून अवघड, कारण त्याला स्वतःचा रंग जवळपास नसतो आणि तो वेळेनुसार आभाळाकडून उसना घ्यावा लागतो. सकाळी किंचित निळसर, चारच्या पुढे गुलाबीकडे झुकलेला. नागपूर स्टेशनजवळच्या रामझुला या तारांवर तोललेल्या पुलालाही हेच लागू आहे. तिथे तर कमानीही नाहीत, नुसत्या तिरक्या रेषा, आणि त्यांच्यामधलं आभाळ कागदावर कोरं ठेवायचं की भरून मग रेषा खरवडायच्या, हे ब्रश ओला करायच्या आधीच ठरवावं लागतं.