नुसतं ‘छान’ म्हणू नका
नागपुरात रामदासपेठेपासून अंबाझरी तलाव जवळच. मावळतीचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींची ती आवडती जागा. काढलेला फोटो एकमेकांना दाखवावा, मत मागावं, ही हौस आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते.

मत देताना नुसतं ‘छान’ म्हणू नका. क्षितिज तिरकं झालंय का? पाण्यावरचा उजेड पांढराफटक पडलाय का? नजर आधी कुठं जाते? हे सांगा. आणि दोष दाखवला, की उपायही सुचवा: ‘दोन पावलं डावीकडं सरक, एक्स्पोजर थोडं कमी कर.’ मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नवख्याला तो उपाय दुसऱ्याच दिवशी तलावावर करून पाहता येतो.